खलनायक, मराठी चित्रपटातील

खलनायक : कथेतील नायकाच्या हेतूच्या आड येणारे, बहुधा दुष्ट प्रवृत्तीचे पात्र. प्रस्तुत नोंदीत मराठी चित्रपटांतील, तसेच मराठी नाटककार व नटांच्या द्वारे हिंदीत पोचलेल्या काही खलभूमिकांचा तौलनिक विचार केला आहे.

उगम : चित्रपटातील खलनायकाची परंपरा संस्कृत नाट्यातील प्रतिनायकापर्यंत नेण्याचा प्रघात आहे. धनंजयाच्या ‘दशरूपक’ ग्रंथात (सु. दहावे शतक) प्रतिनायक लोभी, धीरोद्धत (गर्विष्ठ व उद्दाम), ताठर, पापी व व्यसनी सांगितला आहे. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिक’ नाटकातील शकार, म्हणजे राजाचा मेहुणा, हाही पूर्वज म्हणून दाखवला जातो. तथापि शकाराच्या क्रौर्याला हास्याची जोड आहे, आणि ‘दशरूपका’सारख्या नाट्यशास्त्रीय ग्रंथातील व्याख्या समोर ठेवून पहिल्या चित्रपटकारांनी पात्रे रचली असे मानायला आधार दिसत नाही. मराठीपुरते तरी हा धागा विसाव्या शतकाच्या आरंभीच्या रंगभूमीशी जोडणे अधिक सयुक्तिक वाटते. कृ. प्र. खाडिलकरांच्या ‘कीचकवध’ (१९०७) नाटकातील कीचकात प्रेक्षकांनी माजी व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन पाहिला आणि सरकारने पुढे नाटकावर बंदी घातली. सत्ताधारी माणूस हाच खल, ही जाणीव येथे स्पष्ट आहे. तोच कीचक बाबूराव पेंटर यांच्या ‘सैरंध्री’ (१९२०) या मूकपटात आला, तेव्हा त्याच्या वधाचे दृश्य इतके खरे वाटले की सेन्सॉरने त्याला कात्री लावली. बोलपटाच्या आरंभी ‘अयोध्येचा राजा’त (१९३२) बाबूराव पेंढारकरांनी गंगानाथ महाजन हा खल रंगवला.

‘अमृतमंथना’तील दोन राजगुरू : तुलनेसाठी सर्वांत मोलाचे उदाहरण ‘अमृतमंथन’ (१९३४) होय. प्रभात कंपनी कोल्हापूरहून पुण्यास आल्यानंतरचा हा तिचा पहिला चित्रपट. ना. ह. आपटे यांच्या ‘भाग्यश्री’ कादंबरीवरून घेतलेला आणि व्ही. शांताराम यांनी मराठी व हिंदी अशा दोन भाषांत दिग्दर्शित केलेला. राजा बळीची प्रथा बंद करतो, म्हणून राजगुरू त्याच्याच हत्येचा कट रचतो, हे कथाबीज. मराठीत राजगुरू झाले केशवराव दाते, हिंदीत चंद्रमोहन. एकाच दिग्दर्शकाची एकच भूमिका दोन नटांनी करावी, असा योग क्वचितच येतो.

चंद्रमोहन यांचा हा पहिलाच चित्रपट. त्यांचे पाणीदार डोळे शांतारामांनी भांडवल म्हणून वापरले. पडदाभर पसरलेला राजगुरूचा एकच डोळा ही चौकट भारतीय चित्रपटाच्या बहुतेक इतिहासांत नोंदलेली आहे. ती कशी घेतली यावर मात्र एकवाक्यता नाही. काही लेखांत ‘झूम’ असा उल्लेख येतो. पण त्या काळची साधने पाहता ती लांब पल्ल्याच्या टेलिफोटो भिंगाने घेतली असावी, हे मत ग्राह्य धरावेसे वाटते. भारतातील तो अशा भिंगाचा पहिला वापर होता, हा दावा मात्र जपूनच स्वीकारावा. प्रभातच्या ‘सैरंध्री’ या बोलपटाच्या (१९३३) रंगीत प्रतींच्या कामासाठी शांताराम जर्मनीस गेले होते. अंधार-उजेडाच्या रचनेवर तेथील चित्रपटांची छाया जाणवते, परंतु तेवढ्याने डोळ्याच्या चौकटीचा उगम जर्मन ठरत नाही.

केशवराव दाते महाराष्ट्र नाटक मंडळीच्या गद्य नाटकांत घडलेले. शब्दाचे वजन, वाक्य तोडण्याची जागा आणि संयम ही त्यांची शिदोरी. चंद्रमोहन यांची दहशत बऱ्याच अंशी भिंगाने व प्रकाशाने उभी केली आहे. दात्यांना ती स्वतः पेलावी लागली. लौकिक मात्र हिंदीतील राजगुरूलाच अधिक लाभला, आणि हा दात्यांवर अन्यायच होय. ‘कुंकू’तील (१९३७) त्यांचे वृद्ध काकासाहेब पाहिले की त्यांची ताकद कळते. तरुण मुलीशी लग्न करणारा हा वकील खल म्हणून सुरू होतो आणि शेवटी प्रेक्षकाची कणव घेऊन जातो.

तेंडुलकरांचे तीन खल : १९७० नंतर खलत्वाचे केंद्र देवळातून व राजवाड्यातून निघून गावाच्या आणि शहराच्या राजकारणात आले. ‘सामना’, ‘निशांत’ व ‘अर्धसत्य’ या तिन्हींच्या पटकथा विजय तेंडुलकरांच्या. हे साम्य अभ्यासकांनी अधिक लक्षात घ्यायला हवे.

‘सामना’चे साल काही सूचींत १९७४, तर काहींत १९७५ आढळते; १९७५ साली तो बर्लिन महोत्सवात होता. जब्बार पटेल दिग्दर्शित या चित्रपटात निळू फुले यांनी साखरसम्राट हिंदुराव धोंडे-पाटील साकारला. हिंदुराव दारुड्या मास्तरला (श्रीराम लागू) घरी ठेवून घेतो, खाऊपिऊ घालतो. मास्तर मात्र एकच प्रश्न लावून धरतो : मारुती कांबळेचं काय झालं? या पाहुणचारातच फुल्यांच्या अभिनयाचे मर्म आहे. आवाज चढत नाही, आदरातिथ्य सुटत नाही. माणूस मोजून घेणारी नजर तेवढी बदलत जाते. हिंदुराव भयंकर वाटतो तो ओळखीचा असल्यामुळे. नकलाकारांनी फुल्यांच्या नावावर रूढ केलेले ‘बाई, वाड्यावर या’ हे वाक्य त्यांच्या अभिनयाचे माप धरू नये.

‘निशांत’मधील (१९७५) अमरीश पुरी यांचा जमीनदार याच्या उलट. तो फारसे बोलत नाही, समजावतही नाही. वंशपरंपरेने आलेला अधिकार त्याच्या उभे राहण्यातच आहे. पुरी सत्यदेव दुबे यांच्या नाट्यवर्तुळातले, तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’वर दुबे यांनी काढलेल्या मराठी चित्रपटातही ते आहेत. ‘मिस्टर इंडिया’तील (१९८७) त्यांचा ‘मोगँबो’ अधिक लोकप्रिय झाला, पण धाक ‘निशांत’मध्येच अधिक आहे.

अहमदनगरचे सदाशिव अमरापूरकर यांची रामा शेट्टीच्या भूमिकेसाठी निवड झाली ती ‘हँड्स अप’ या मराठी नाटकातील कामामुळे. ‘अर्धसत्य’मध्ये (१९८३) रामा शेट्टी पडद्यावर थोडाच वेळ दिसतो. अखेरीस अडचणीत सापडलेला फौजदार वेलणकर त्याच्याच दारी येतो, तेव्हा शेट्टी धमकावत नाही. निवांतपणे मदतीची किंमत सांगतो. या सहजपणापायीच वेलणकरचे हात त्याच्या गळ्याकडे जातात. तिघांत हेच काम सर्वांत काटेकोर म्हणावे लागेल. ‘सडक’मधील (१९९१) कुंटणखाना चालवणाऱ्या महाराणीच्या भूमिकेसाठी अमरापूरकरांना खलभूमिकेचे पहिले फिल्मफेअर पारितोषिक मिळाले, ती भूमिका ठळक आहे, पण रामा शेट्टीइतकी बारकाईची नाही.

इतर : ग्रामीण चित्रपटांतील राजशेखर व कुलदीप पवार यांच्या खलभूमिकांवर स्वतंत्र लेखन तुरळक आहे. स्त्री-खलभूमिकांत ललिता पवार अग्रगण्य. १९४२ च्या सुमारास चित्रीकरणातील एका थपडेने त्यांच्या डाव्या डोळ्याला कायमची इजा झाली. त्यानंतर नायिकेच्या भूमिका मागे पडून खाष्ट सासूच्या भूमिका त्यांच्याकडे आल्या. ‘झपाटलेला’तील (१९९३) तात्या विंचू दिलीप प्रभावळकरांनी साकारला, पुढे त्याचा आत्मा रामदास पाध्ये यांनी घडवलेल्या बाहुल्यात शिरतो.