मास्बातेन्यो: कागदावर बिकोलची, कुळाने बिसायांची

फिलिपिन्समधल्या मास्बाते बेटाच्या चारही बाजूंना मोठ्या भाषा नांदतात. उत्तरेला बिकोल, पूर्वेला वाराय, दक्षिणेला सेबुआनो, पश्चिमेला पनाय बेटावरची हिलिगायनोन. या सगळ्यांच्या मधोमध मास्बातेन्यो बोलली जाते. तिचे भाषक तिला मिनास्बातेही म्हणतात. 2002 च्या सुमाराच्या अंदाजानुसार भाषक साधारण साडेतीन लाख.

भाषा बिसाया कुळातली, म्हणजे मध्य फिलिपिन्सच्या बेटांवरच्या भाषांच्या गोतातली, पण मास्बाते प्रांताचे सरकारी नाते कायम बिकोलशी. स्पॅनिश अमलात मास्बातेचा कारभार बिकोल भागातल्या आल्बाय प्रांताकडून चाले. 1864 मध्ये तो वेगळा झाला. अमेरिकी राजवटीने 1905 मध्ये बेट बिकोलमधल्याच सोर्सोगोन प्रांताला जोडले आणि 1920 च्या कायद्याने पुन्हा सोडवले. आजही मास्बाते बिकोल विभागातच मोडते. त्यामुळे बाहेरचे लोक हिला सर्रास बिकोलची बोली समजतात. भाषाशास्त्रज्ञ डेव्हिड झॉर्क यांनी 1977 मध्ये बिसाया भाषांची जी वर्गवारी मांडली, तिच्यात मात्र मास्बातेन्यो हिलिगायनोन आणि वारायच्याच गोतात बसते.

प्रांताच्या आतही एकच भाषा नाही. काताइंगान, प्लासेरकडे सेबूहून आलेल्यांची सेबुआनो चालते. बालुद, मांदाओनच्या किनाऱ्यावर पनायची छाप दिसते, तर बुरियास बेटावर बिकोल ऐकू येते. मास्बाते शहर हे मास्बातेन्योचे खरे घर. बंदरामुळे तिथे सगळ्यांची ये-जा असते आणि एकमेकांशी बोलायला हीच भाषा कामी येते. शेजारच्या भाषांचे शब्द तिने मोकळेपणाने घेतले. काहींना त्यात भेसळ दिसते. मला तिची ताकद दिसते.

भाषाशास्त्रज्ञ एल्मर वुल्फेंडेन यांनी वर्षानुवर्षे खपून तयार केलेला मास्बातेन्यो-इंग्रजी शब्दकोश 2001 मध्ये छापला गेला. एवढी लेखी शिदोरी असूनही शाळेचे दार उघडले नाही. 2012 पासून पहिल्या इयत्तांत मातृभाषेतून शिकवायचे ठरले, तेव्हा सरकारने 12 भाषा निवडल्या. बिकोल, वाराय, सेबुआनो, हिलिगायनोन, चारही शेजारणी त्यात होत्या, मास्बातेन्यो नव्हती. पुढच्या वर्षी यादी 19 वर गेली, तेव्हाही तिला वगळले. बिकोल विभागातल्या मुलांना बिकोल पुरेल, हा समज मास्बातेच्या मुलांवर सरळ अन्याय करणारा होता. ऑक्टोबर 2024 मध्ये नव्या कायद्याने मातृभाषेतून शिकवण्याची सक्तीच उठली. तोवर मास्बातेन्योचे नाव त्या यादीत आलेच नव्हते.