पॉइंट टू-टू रायफलचे चेंबर: ग्राहकांसाठी माहिती

सर्व्हिसिंगला रायफल घेऊन येणारे नेमबाज बॅरलबद्दल भरपूर विचारतात. कोणत्या कंपनीचे, किती लांब, आटे (बॅरलच्या आतल्या पिळाच्या खाचा) कसे आहेत? चेंबरबद्दल क्वचितच कोणी विचारते. काडतूस जिथे बसते ती बॅरलच्या मागच्या टोकाची जेमतेम इंचभर जागा म्हणजे चेंबर. तुमचा ग्रुप, म्हणजे लक्ष्यावर गोळ्या किती जवळजवळ पडतात ते, बराचसा तिथेच ठरतो, आणि गोळी झाडताना बोल्टच्या (चेंबर मागून बंद करणाऱ्या सरकत्या दांड्याच्या) मागे असलेल्या तुमच्या डोळ्यांची सुरक्षितताही. नवे बॅरल बसवण्याआधी किंवा ‘चेंबर जरा टाईट करून द्या’ असे सांगण्याआधी हे पत्रक जरूर वाचा.

गोळी आट्यांत शिरते तो क्षण

.२२ लाँग रायफल हे काडतूस १८८७ सालचे, आणि त्याची ठेवण आजही जुन्या पद्धतीचीच आहे. मोठ्या रायफलींच्या काडतुसात गोळी पुंगळीच्या (दारू भरलेल्या पितळी नळीच्या) आत बसते. इथे गोळीचा बाहेर दिसणारा भाग पुंगळीइतकाच जाड असतो. फक्त तिची बारीक केलेली टाच आत जाते. त्यामुळे पुंगळी आणि गोळी दोन्ही जवळपास एकाच मापाच्या भोकात बसतात आणि पुढे लगेच आटे सुरू होतात. ते किती पुढे सुरू होतात, हाच सगळा प्रश्न आहे.

साध्या, म्हणजे स्पोर्टिंग चेंबरमध्ये थोडी मोकळीक ठेवलेली असते. कोणत्याही कंपनीचे काडतूस बसावे आणि मळ साचला तरी अडू नये, हा हेतू. पण त्या मोकळ्या जागेत काडतूस तळाला टेकून राहते. चाप ओढल्यावर गोळी आट्यांपर्यंत थोडे अंतर मोकळीच जाते आणि किंचित तिरकी शिरू शकते. शिसे मऊ असल्याने ती तशीच दाबली जाते. मग तिचे वजन मध्याभोवती समतोल राहत नाही आणि बॅरलबाहेर पडताच ती भरकटू लागते. ५० मीटरवर दहाचा गोल अवघा १०.४ मिलिमीटरचा असतो. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० साली म्युनिकच्या जागतिक स्पर्धेत प्रोनमध्ये (पालथे झोपून नेमबाजीत) ६०० पैकी ५९७ गुण केले, ते याच आकाराच्या लक्ष्यावर. तिथे केसभर तिरकेपणाही परवडत नाही.

मॅच चेंबर आखूड आणि घट्ट असते. बोल्ट बंद करतानाच गोळीचा पुढचा भाग आट्यांत रुततो, त्यामुळे ती सुरुवातीपासून सरळ असते. न उडवलेले काडतूस बाहेर काढले तर शिशावर आट्यांच्या बारीक रेघा उमटलेल्या दिसतात. बोल्ट बंद करताना शेवटी हाताला किंचित जोर जाणवतो, तोही यामुळेच.

बेंट्झ चेंबर या दोन्हींच्या मधले. सेमी-ऑटोमॅटिक रायफलींत ते पुष्कळदा दिसते, कारण त्यातून भरलेले काडतूस सहज परत काढता येते.

मॅच चेंबर घेण्याआधी

भरलेले काडतूस मॅच चेंबरमधून परत काढू नये, शक्यतो ते लक्ष्यावर उडवूनच संपवावे. काढलेच, तर कधी गोळी आट्यांत रुतून राहते आणि नुसती पुंगळी हातात येते. दारू बोल्टवर आणि ट्रिगरच्या खाचेत सांडते. अशा वेळी बॅरलमधून आरपार उजेड दिसल्याशिवाय दुसरे काडतूस भरू नका. अडकलेल्या गोळीमागे दुसरी उडाली तर बॅरल फुगते, फाटूही शकते.

काही वेगवान काडतुसांची पुंगळीच लांब असते. सीसीआयच्या स्टिंगरची पुंगळी नेहमीपेक्षा सुमारे दोन मिलिमीटर लांब आहे. आखूड मॅच चेंबरमध्ये तिचे तोंड आट्यांच्या सुरुवातीला जाऊन आवळले जाते, गोळी सुटायला जागा राहत नाही आणि दाब वाढतो. स्वतः कंपनीनेच मॅच चेंबरसाठी ती वापरू नका असे सांगितले आहे. .२२ मॅग्नमच्या चेंबरमध्ये लाँग रायफलचे काडतूस घालणे तर पूर्णपणे टाळा. ते आत सैल बसते आणि पुंगळी फाटते.

आमचे स्पष्ट मत असे: तुम्ही एकाच कंपनीची, एकाच लॉटची (एका खेपेत बनलेली) काडतुसे वापरून स्पर्धेत उतरत असाल तर मॅच चेंबर घ्या. क्लबमध्ये मिळेल त्या काडतुसांवर सराव करत असाल तर साधे चेंबरच बरे. त्यातही चांगले ग्रुप येतात, फक्त चेंबर बॅरलच्या भोकाशी एका रेषेत कापलेले हवे. वाकडे कापलेले घट्ट चेंबर हे सरळ कापलेल्या सैल चेंबरपेक्षा वाईट.

आणि सैल चेंबर नुसते ‘टाईट’ करता येत नाही. कापलेले लोखंड परत भरत नाही. बॅरल मागून थोडे कापून नव्याने रीमर (चेंबर कापण्याचे हत्यार) चालवावा लागतो. हे शस्त्रदुरुस्तीचे काम आहे आणि शस्त्र कायदा १९५९ प्रमाणे ते परवानाधारकाकडूनच करून घ्यावे लागते. ओळखीच्या लेथवाल्याला देऊ नका.

पातळ रिम

या काडतुसाचा पेट घेणारा मसाला रिमच्या, म्हणजे पुंगळीच्या बुडाच्या बाहेर आलेल्या कडेच्या, घडीत असतो. फायरिंग पिन रिमला बॅरलच्या कडेवर दाबून चिरडते, तेव्हा तो पेटतो. म्हणून तिथले पितळ पातळ ठेवावेच लागते. आणि त्याच पातळ पितळाला चौरस इंचाला सुमारे २४,००० पौंड दाब सहन करायचा असतो. आधार मिळतो तो फक्त चेंबरच्या भिंतीचा आणि बोल्टच्या तोंडाचा.

बोल्टचे तोंड आणि बॅरलची कड यांच्यामधली रिमसाठीची जागा, म्हणजे हेडस्पेस, साधारण १.१ मिलिमीटर असते. ती जास्त झाली तर पिनचा जोर काडतूस पुढे ढकलण्यातच जातो. मग मिसफायर होतात, किंवा प्रत्येक गोळीचा वेग बदलतो आणि ग्रुप उभा ताणला जातो. फार वाढली तर रिम फुटून गॅस मागे येतो. कमी झाली तर बोल्ट बंद होतानाच रिम चेपू शकते, आणि सेमी-ऑटोमॅटिकमध्ये ते फार धोक्याचे.

काडतूस अडकते म्हणून चेंबरचा खालचा उतार (ज्यावरून काडतूस आत सरकते) घासून द्या, अशी मागणी नेहमी येते. उतार खोल केला की पुंगळीचा मागचा भाग उघडा पडतो आणि तिथेच फुगतो. आम्ही हे काम करत नाही.

अडकण्याचे खरे कारण बहुतेक वेळा मळ असते. पुंगळीच्या तोंडापुढे काजळी, मेण आणि शिसे यांची कडक कडी जमते. शॉर्ट (आखूड पुंगळीची .२२) काडतुसे वापरली असतील तर ती आणखी मागे जमते आणि मग लाँग रायफल बसतच नाही. मागच्या बाजूने, रॉड गाइड (सफाईची सळई सरळ धरणारी नळी) लावून, ब्राँझ ब्रश आणि सॉल्व्हंटने ती काढा. स्टीलच्या टोकाने खरवडू नका.

रिकामी रायफल मुद्दाम उडवू नका. काही रायफलींत पिन चेंबरच्या कडेवर आदळून खळगा पाडते, आणि मग काडतूस घालताना-काढताना अडते.

काडतूस उडाले नाही तर तोंड लक्ष्याकडेच धरून किमान ३० सेकंद थांबा. आवाज नेहमीपेक्षा दबका आला तर लगेच थांबून बॅरल तपासा.

रायफल दाखवायला आणताना परवाना, वापरत असलेल्या काडतुसांची लॉट क्रमांक असलेली रिकामी पेटी आणि त्याच रायफलीतून उडवलेल्या दहा-बारा रिकाम्या पुंगळ्या सोबत आणा. पिनचा ठसा किती खोल आहे आणि रिमजवळ फुगवटा आहे का, हे पाहिले की आम्हाला चेंबरचे निम्मे दुखणे बॅरल न उघडताच कळते.