सीप्लेनला रनवे लागत नाही, पण पायरी लागते

धरणांवर सीप्लेन उतरणार अशी बातमी आपल्याकडे अधूनमधून येते आणि लगेच लोकांचं सुरू होतं, रनवे नको, जमीन नको, एक विमान घ्या आणि कंपनी काढा. 2014 ला जुहूहून ॲम्बी व्हॅलीला सीप्लेन सुरू झालं, 2020 ला मालदीवहून ट्विन ऑटर नावाचं विमान आणून साबरमती ते केवडिया सुरू झालं, दोन्ही टिकलं नाही. तिकडे कॅनडात व्हँकुव्हरची हार्बर एअर 1982 ला फक्त दोन बीव्हर विमानांवर उभी राहिली, सुरुवातीचं गिऱ्हाईक म्हणजे जंगलातला लाकूडधंदा, आणि ती आजही उडतेय. मागणी, परवाने, भाडं ही कारणं आहेतच, पण माझ्या मते हा धंदा समजून घ्यायचा तर आधी विमान पाणी सोडतं कसं ते बघायला हवं, आणि ते फार भारी प्रकरण आहे.

उभं असताना विमान फ्लोटवर, म्हणजे चाकांच्या जागी लावलेल्या लांबट पोकळ पेट्यांवर, होडीसारखं तरंगतं. पुढे निघालं की फ्लोट स्वतःच लाट तयार करतो आणि वेग वाढेल तशी ही लाट लांब होत जाते. खोल पाण्यात लाटेचा वेग म्हणजे गुरुत्वत्वरण गुणिले लाटेची लांबी, भागिले 2π (दोन गुणिले पाय, म्हणजे 3.14), आणि त्याचं वर्गमूळ. फ्लोट 7 मीटरचा धरला तर उत्तर येतं सेकंदाला साधारण 3.3 मीटर, म्हणजे ताशी 12 किलोमीटर. ह्या वेगाला लाट फ्लोटएवढी लांब होते, त्यापुढे नाक वर, शेपूट खाली आणि विमान आपल्याच लाटेच्या चढावर अडकतं. पाण्याचा विरोध इथेच सगळ्यात जास्त, पायलट ह्याला हंप म्हणतात. इंजिनाची ताकद हंपला पुरली तरच फ्लोट पाण्यावर चढून घसरायला लागतो.

आता खरी गंमत. नळाच्या धारेला चमच्याची फुगीर बाजू लावून बघा, चमचा धारेकडे ओढला जातो. फ्लोटचा तळ असाच सलग गोलाकार ठेवला तर पाणी त्याला चिकटून मागे वळतं आणि विमानाला खाली खेचतं, कितीही जोर लावा. म्हणून तळाला मधोमध, गुरुत्वमध्याच्या जरा मागे, एक धारदार पायरी असते. पाणी त्या कडेवरून सुटतं, मागच्या पोकळीत हवा शिरते, ओढ संपते आणि नाक वर करायलाही जागा मिळते. अमेरिकेत ग्लेन कर्टिसने 1912 च्या सुमारास ही पायरी लावली आणि त्याची फ्लाइंग बोट, म्हणजे धडच होडीसारखं असलेलं विमान, पाणी सोडायला लागली.

म्हणूनच आरशासारखं शांत पाणी वाईट, लाटाच नसल्या की तळाखाली हवा शिरत नाही आणि टेकऑफ लांबतो. पायलट मग आधी तिथेच गोल फिरून लाटा उठवतो किंवा एक फ्लोट आधी उचलतो. उतरताना तर अजून अवघड, पाणी किती खाली आहे ते डोळ्यांना कळतच नाही, म्हणून अगदी हळूहळू ठराविक दराने खाली येत राहायचं. आपल्याकडे शांत धरण बळी मागतं, आसरा ओढतात असं म्हणतात. पाणी काही मागत नाही हो, शांत पाण्यात खोली आणि अंतर ह्यांचा अंदाज चुकतो, पोहणाऱ्याचाही आणि पायलटचाही.

कंपनीच्या वहीत हे सगळं वजन म्हणून येतं. जास्त वजन म्हणजे फ्लोट जास्त बुडालेला, हंप मोठा, टेकऑफ लांब, त्यात दुपारची गरम पातळ हवा, मग विकलेल्या दोन सीट रिकाम्या ठेवाव्या लागतात. चाकांवर 19 प्रवासी नेणारं ट्विन ऑटर मालदीवला फ्लोटवर साधारण 15 नेतं. शिवाय रोज सकाळी हातपंपाने फ्लोटच्या एकेका कप्प्यातलं झिरपलेलं पाणी काढायचं, समुद्रावर असाल तर विमान आणि इंजिन गोड्या पाण्याने धुवायचं, नाहीतर मीठ ॲल्युमिनियम खातं. त्यात उड्डाणं बहुतेक फक्त दिवसाउजेडी, म्हणजे कॅनडाच्या हिवाळ्यात कमाईचे तासच थोडे.

डिसेंबर 2019 ला हार्बर एअरने विजेवर चालणारा बीव्हर उडवला तेव्हा आता इंधनाचा खर्चच संपला अशी हवा झाली. पण पेट्रोल उडताना संपतं, विमान हलकं होतं, बॅटरी मात्र भरलेली असो की रिकामी, तेवढ्याच वजनाची राहते आणि दर टेकऑफला हंपवरून पूर्ण न्यावी लागते.