'कोरम' : आधी माणसं, मग आकडा

लॅटिनमध्ये 'कोरम' म्हणजे नुसतं 'ज्यांच्यापैकी'. सर्वनामाची षष्ठी, तीही अनेकवचनी. एवढ्याशा शब्दाला 'सभेला लागणारी किमान हजेरी' हा अर्थ आणि सभा रोखून धरायची ताकद आली ती इंग्लंडमधल्या न्यायदानामुळे.

तिथे 'जस्टिस ऑफ द पीस', म्हणजे स्थानिक न्यायाधीश, नेमताना राजाचं फर्मान लॅटिनमध्ये निघे. त्यात बरीच नावं असत, पण सगळ्यांनाच कायदा कळत असे असं नाही. म्हणून पुढे एक वाक्य जोडत: 'ज्यांच्यापैकी अमुक-तमुक यातला एक तरी हजर हवा.' या वाक्यातल्या जाणकारांना लोक 'कोरम'वालेच म्हणू लागले. काळाच्या ओघात जवळजवळ सगळ्यांचीच नावं त्या वाक्यात घुसली आणि अट निव्वळ शोभेची उरली. दरम्यान शब्द संसदेत पोहोचला होता. १६४१ साली हाउस ऑफ कॉमन्सने किमान ४० सदस्यांची अट घातली. ती आजही आहे, पण आता फक्त मतदानापुरती. कोण आहे यापेक्षा किती आहेत, हे महत्त्वाचं ठरलं.

आकडा आला की तो मोडायची युक्तीही आलीच. डिसेंबर १८४० मध्ये इलिनॉयच्या विधानसभेत कोरम मोडावा म्हणून तरुण अब्राहम लिंकन यांनी खिडकीतून उडी मारली. उपयोग शून्य, हजेरी आधीच लागली होती. अमेरिकी प्रतिनिधिगृहात तर सदस्य जागेवर बसूनच गैरहजर राहत: नाव पुकारलं तरी गप्प. १८९० मध्ये सभापती थॉमस रीड यांनी अशांची नावं 'हजर' म्हणून नोंदवायला सुरुवात केली. मला हजर धरायचा तुम्हाला अधिकार नाही, असं एक सदस्य उभं राहून बजावू लागला. रीड यांनी त्यालाच विचारलं, तुम्ही हजर आहात हे तुम्ही नाकारता का?

मराठी कायदेशीर भाषेत 'गणपूर्ती' हा नेमका शब्द आहे, तरी बोलताना तोंडी येतो तो कोरमच. 'कोरमअभावी सभा तहकूब' हे वाक्य तर इतिवृत्तात ठरलेलंच. गंमत अशी की अनेक संस्थांच्या नियमांनुसार तहकूब झालेली सभा अर्ध्या तासाने त्याच जागी पुन्हा भरते, आणि तिला कोरमचं बंधनच नसतं. मग जे काही चार जण बसून राहिलेले असतात, ते सगळे ठराव एकमताने मंजूर करून टाकतात.