आठव्या सिलिंडरचा बोल्ट

१९६६ ची फोर्ड मस्टँग, आठ सिलिंडरांच्या व्ही-८ इंजिनाची, जॅक स्टँडवर चढवून तुम्ही खाली पाठीवर झोपला आहात. डावीकडच्या सर्वांत मागच्या, म्हणजे आठव्या सिलिंडरपाशी हेडरचा, म्हणजे इंजिनाचा धूर बाहेर नेणाऱ्या पाइपांच्या जुडग्याचा, बोल्ट बसवायचा आहे आणि तो डोळ्यांना दिसत नाही. बोटांनी चाचपून भोक शोधायचं, आटे बरोबर धरले की नाही हे हाताला जाणवेपर्यंत बोल्ट फिरवायचा आणि मग पान्हा लावायचा. एका बाजूला स्टिअरिंग बॉक्स, शेजारी क्लचची आडवी दांडी, वर शॉक टॉवर, म्हणजे पुढच्या स्प्रिंगचा पत्र्याचा मनोरा. या कोंडाळ्यात घड्याळाचा मोठा काटा पाच मिनिटांत सरकेल एवढाच पान्हा फिरतो. तो काढायचा, उलटा लावायचा, पुन्हा तेवढाच फिरवायचा.

एवढा खटाटोप कशासाठी, हे त्याच कोपऱ्यातल्या दोन सिलिंडरांकडे पाहिलं की कळतं.

या गाडीचं २८९ घनइंची, म्हणजे ४.७ लिटरचं इंजिन १-५-४-२-६-३-७-८ या क्रमाने पेटतं. फोर्डच्या मोजणीत १ ते ४ उजवीकडे आणि ५ ते ८ डावीकडे. क्रँकशाफ्टच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, दोन फेऱ्यांत आठ स्फोट, म्हणजे दर ९० अंशांना एक. आता क्रमाचं शेपूट पाहा: सातनंतर लगेच आठ, आणि दोघे सख्खे शेजारी. सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, म्हणजे धूर बाहेर सोडणारी झडप, मात्र २४०-२५० अंश उघडा असतो; झडपा उघडणाऱ्या काही कॅमशाफ्टवर त्याहूनही जास्त. सातवा अजून आपला धूर बाहेर ढकलत असतानाच आठव्याचा दाबाचा तडाखा येऊन पोचतो. कारखान्यातून येणाऱ्या बिडाच्या मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे धूर गोळा करणाऱ्या ओतीव भागात, चारही तोंडं एकाच आखूड पोकळीत उघडतात, त्यामुळे हा तडाखा थेट सातव्याच्या दारावर आदळतो. उजवीकडे ४ आणि २ यांचंही तेच. दोन्ही बाजूंच्या या असमान ठोक्यांमुळेच अमेरिकन व्ही-८ चा तो खोल गुरगुराट तयार होतो. कानाला गोड वाटणारी गोष्ट इंजिनाला मात्र जाचते.

आपल्याकडे बुलेटचा मेकॅनिक ज्याला बेंड पाइप म्हणतो, तसे चार स्वतंत्र पाइप एका जाड नळीत, कलेक्टरमध्ये, आणून सोडले की झाला हेडर. प्रत्येक सिलिंडरला आपली वेगळी वाट मिळते. पण खरी गंमत वाट मोकळी होण्याच्या पुढची आहे.

व्हॉल्व्ह उघडताच दाबाची एक लाट पाइपातून धावते. ती वायूच्या आधी, त्या तापलेल्या वायूतल्या ध्वनीच्या वेगाने जाते. साध्या हवेत हा वेग सेकंदाला ३४३ मीटर, सुमारे ६५०-७०० अंश सेल्सिअसच्या एक्झॉस्टमध्ये तो ६०० च्या आसपास. पाइप कलेक्टरमध्ये अचानक रुंद होतो तिथे लाट परतते, आणि परतताना तिची जात बदलते: जास्त दाबाची लाट गेली तर कमी दाबाची माघारी येते. पाइप ९० सेंटिमीटरचा धरला तर जाऊन-येऊन १.८ मीटर, म्हणजे ३ मिलिसेकंद. मिनिटाला ५,००० फेऱ्या असताना एवढ्या वेळात क्रँक बरोबर पाव फेरा फिरतो, २,५०० ला त्याच्या निम्मा. लाट पाइपात पुन्हापुन्हा ये-जा करत राहते. इनटेक (मिश्रण आत घेणारा) आणि एक्झॉस्ट दोन्ही व्हॉल्व्ह थोडे उघडे असतात त्या क्षणी कमी दाब दारात हजर असेल, तर तो उरलेला धूर ओढून नेतो आणि ताजं मिश्रणही आत खेचतो. फेऱ्या बदलल्या की हा मेळ चुकतो. म्हणून कुठलाही हेडर सगळ्या वेगांना सारखा लाभत नाही, आणि फार जाड पाइप घेतले तर वायूची गती मंदावून खालच्या फेऱ्यांवरचा जोर हरवतो. रस्त्यावरच्या २८९ ला ४१ मिलिमीटरचे पाइप पुरतात.

शर्यतीच्या गाड्या बनवणारे कॅरोल शेल्बी यांनी मस्टँगवरून घडवलेल्या १९६५ च्या जीटी-३५० मध्ये ट्राय-वाय जातीचे हेडर होते: चाराचे दोन, दोनाचा एक. लागोपाठ पेटणारी जोडी पहिल्या सांध्यात एकत्र येऊ न देणं, हे त्यातलं मर्म. मूळ २७१ अश्वशक्तीचं इंजिन तिथे ३०६ पर्यंत गेलं, अर्थात त्यात मोठ्या कार्ब्युरेटरचा आणि ॲल्युमिनियमच्या इनटेकचाही वाटा होता.

कागदावरच्या पाइपला गाडीत जागा मात्र मिळायला हवी. मस्टँगच्या पुढच्या स्प्रिंगा वरच्या आर्मवर उभ्या असतात आणि त्यांची डोकी पत्र्याच्या शॉक टॉवरमध्ये टेकतात. हे टॉवर इंजिनाला दोन्हीकडून दाबतात. १९६९ ला मस्टँगच्याच बॉस-४२९ या प्रकारात रुंद इंजिन बसवताना मिशिगनमधल्या कार क्राफ्ट या कंपनीला टॉवरच बदलावे लागले होते. घरच्या गॅरेजात तसं करू नये. टॉवरवर पुढच्या चाकांचा भार असतो. त्यापेक्षा इंजिन ज्यावर टेकतं ते माउंट सैल करून इंजिन थोडं उचलावं आणि हेडर खालून सरकवावा. चार पाइपांची लांबी तंतोतंत सारखी हवी, हा हट्ट मला रस्त्यावरच्या गाडीसाठी अनाठायी वाटतो. एखादा पाइप स्टिअरिंगला घासत असेल तर तापवून हातोडीने हलका पोचा पाडला तरी फार बिघडत नाही. मात्र मोकळी जागा इंजिन बंद असताना मोजून भागत नाही. ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन रबरी माउंटवर पीळ खातं, डावी बाजू वर येते, उजवी खाली जाते. शिवाय ९० सेंटिमीटरचा पोलादी पाइप ५०० अंशांनी तापला की सुमारे ५ मिलिमीटर लांबतो.

गळती मात्र अजिबात खपवून घेऊ नये. फ्लँज, म्हणजे हेडर इंजिनाला जोडणारी बोल्टची पट्टी, पातळ असेल तर उष्णतेने वाकते, म्हणून ती ९-१० मिलिमीटर जाडीचीच घ्यावी. पहिल्यांदा इंजिन तापून निवल्यावर सांध्यातलं गॅस्केट दबलेलं असतं आणि बोल्ट सैल सापडतात, ते सगळे पुन्हा आवळायचे. आठव्यासकट. मग सकाळी थंड इंजिन चालू करून, पंख्यापासून हात जपून, रबरी नळीचं एक टोक कानाशी धरायचं आणि दुसरं फ्लँजच्या कडेने एकेका तोंडाजवळ फिरवायचं. जिथे गळतीची टिक-टिक मोठी होते तिथे पान्हा लावायचा.