साखरेवर अंथरलेली चादर

डिसेंबरच्या अखेरीस मंगळवेढ्याच्या रस्त्यावर एका शेतात आम्ही हुरडा खात बसलो होतो, तेव्हा भाच्याचा फोन आला. "मामा, गुलमर्गला बर्फ पडलाय म्हणं. आम्ही चौघं चाललोय स्कीइंग शिकायला. गड्ड्याच्या यात्रेच्या आत परत येतो."

"किती पडलाय?"

"फूटभर. लई आहे की!"

मला काळजी वाटली ती या फूटभराचीच. सहा फूट म्हणाला असता तर मी निदान तेवढ्यापुरता तरी निश्चिंत झालो असतो. सोलापुरात बसून हे विचित्र वाटेल. कमी बर्फ म्हणजे कमी धोका, असंच आपण धरून चालतो. हंगामाच्या सुरुवातीला मात्र डोंगरावर नेमकं उलटं घडत असतं, आणि ते घडतं डोळ्यांआड, बर्फाच्या तळाशी.

मराठीत आपण सगळ्यालाच बर्फ म्हणतो. गोळेवाल्याची लादीही बर्फ आणि आभाळातून भुरभुरतो तोही बर्फच. काश्मिरीत पडणाऱ्या बर्फाला 'शीन' असा वेगळा शब्द आहे, आणि तो वेगळेपणा खरा आहे. लादीच्या एका घनमीटरचं वजन ९१७ किलो भरतं. ताज्या पडलेल्या बर्फाचं ५० ते १०० किलोच. म्हणजे त्यात दहातले नऊएक भाग हवाच. भाच्याचा तो फूटभर बर्फ वितळवला तर जेमतेम ३ सेंटिमीटर पाणी होईल. त्यावर माणूस उभा राहिला की तो दबून चार बोटं उरतो. खालचा दगड, तोडलेल्या झाडाचा बुंधा, कुंपणाची तार, सगळं जागच्या जागी असतं, फक्त दिसत नाही. हंगामाच्या सुरुवातीला गुडघे मोडतात ते बहुधा यामुळे. हा पहिला धोका, आणि तो समजायला सोपा आहे. दुसरा तसा नाही.

बर्फाखालची जमीन उन्हाळ्याची ऊब धरून असते, म्हणून बर्फाचा तळ साधारण शून्य अंशावर राहतो. वरचा पृष्ठभाग मात्र निरभ्र रात्री आपली उष्णता आभाळाला देऊन टाकतो आणि उणे १५ पर्यंत सहज उतरतो. आता हिशेब करा. बर्फ दीड मीटर जाड असेल तर हा १५ अंशांचा फरक दीड मीटरभर वाटला जातो, मीटरमागे १० अंश. बर्फ ३० सेंटिमीटरच असेल तर तोच फरक तेवढ्या पातळ थरात कोंबला जातो आणि मीटरमागे ५० अंश होतात. थंडी तीच, जमीन तीच, पण पातळ बर्फाला बसणारा ताण पाचपट.

या ताणामुळे बर्फाच्या आत वाफेचा प्रवाह सुरू होतो. शून्य अंशावरच्या बर्फाभोवती जेवढी वाफ असते, तिच्या साधारण पावपट वाफ उणे १५ वर असते. म्हणून तळाची वाफ कणांमधल्या पोकळ्यांतून वर सरकते आणि वरच्या थंड कणांच्या खालच्या अंगाला जाऊन गोठते. खालचे कण झिजतात, वरचे वाढतात. मीटरमागे १० अंशांच्या पुढे फरक गेला की ही वाढ इतकी घाईची होते की कणांना एकमेकांशी जोडून घ्यायला सवडच मिळत नाही. त्यांना कडा फुटतात, पैलू पडतात, काही तर उपड्या पेल्यासारखे पोकळ होतात. काही आठवड्यांत तळाला दोन-चार मिलिमीटरच्या सुट्या, चकचकीत स्फटिकांचा थर तयार होतो. हातात घेतला तर मूठ वळत नाही, बोटांमधून गळून जातो.

इंग्रजी मुलखातले पहाडी लोक त्याला सरळ साखरेचा बर्फ म्हणतात. आपल्या जिल्ह्याइतकं हे नाव कुणाला कळणार? तिसाहून जास्त साखर कारखाने आहेत आपल्याकडे. पाकातून साखरेचे दाणे वाढवणाऱ्या पॅनवर उभा राहणारा कुणीही कामगार सांगेल की स्फटिक मोठा आणि सुटा हवा असेल तर वाढीची परिस्थिती टिकवून धरावी लागते. डोंगरावर ते काम रात्रीची थंडी करते.

फरक कमी असला तर हेच कण दुसऱ्या वाटेने जातात. त्यांची टोकं झिजतात, ते गोलसर होतात आणि जिथे एकमेकांना टेकतात तिथे बारीक मान तयार होऊन जुळतात. जाड बर्फ असा आपोआप मजबूत होत जातो. पातळ बर्फाचं नशीब वेगळं.

भाच्याला हे फोनवर पटेना, म्हणून घरी बोलावलं. एक लांब फळी घेतली, तिच्यावर गोणपाट ताणून बसवलं. ही झाली खडबडीत जमीन. त्यावर आपली सोलापुरी चादर चौपदरी घडी घालून ठेवली आणि फळीचं एक टोक उचलत गेलो. शाळेचा कोनमापक कडेला धरला होता. चाळीस अंश झाले तरी चादर हलली नाही. मग गोणपाटावर ज्वारीचं पीठ पसरून थापलं आणि वर चादर ठेवली. तरी ती बराच वेळ टिकून राहिली, कारण पीठ एकमेकाला धरतं. तिसऱ्या खेपेला पिठाच्या जागी साखर पसरली. फळी तिशीच्या आसपास आली आणि चादर अख्खी, एका घडीत, खाली आली. तिचा एक कोपरा पुढे, एक मागे, असं काही झालं नाही. सगळी एकदम सुटली. भाचा काही बोलला नाही. त्याने फळी पुन्हा मांडली आणि स्वतः करून पाहिलं.

लाटेसारखं सुटणारं, माणसं गाडणारं हिमस्खलन बहुधा असंच होतं. साखरेचा थर एकटा निरुपद्रवी असतो. त्यावर नंतरच्या बर्फवृष्टीची, वाऱ्याने दाबून घट्ट केलेली चादर पडते, आणि धोका तिथून सुरू होतो. त्या चादरीवरून स्कीवाला जातो, त्याच्या वजनाने खालचे स्फटिक एका ठिकाणी ढासळतात. आतली हवा बाहेर पडताना 'धप्प' असा दबका आवाज येतो. ती ढासळण्याची रेघ थराथराने धावत जाते आणि क्षणात शेकडो फूट रुंदीची पाटी डोंगरापासून सुटते. जवळजवळ सगळी अशी स्खलनं ३० ते ४५ अंशांच्या उतारावर होतात. त्याहून सपाट उतारावर बर्फ सहसा सरकत नाही, आणि फार खड्या कड्यावर तो मुळात साठतच नाही. घात असा आहे की शिकाऊ माणसाला कंटाळवाणा होऊन गेलेल्या उतारानंतर जो 'मजेचा' वाटतो, तो याच कोनाचा असतो. शिवाय आपण सपाटीवर असलो तरी वरच्या अंगाला खडा उतार असेल तर तो आपल्या पावलानेही सुटू शकतो.

हा थर लवकर बरा होत नाही. डिसेंबरात तयार झालेली साखर फेब्रुवारीतही तळाशी तशीच पडून असू शकते. काश्मीरचा 'चिल्ले कलान', म्हणजे २१ डिसेंबरपासूनचे चाळीस कडक दिवस, तिला पोसतो. हिमालयात सगळीकडे तिचं प्रमाण सारखं नसतं. गुलमर्ग ज्या पीर पंजालात आहे तिथे बर्फ भरपूर आणि थंडी त्या मानाने सौम्य, तर पलीकडे काराकोरमच्या बाजूला बर्फ थोडा आणि थंडी जीवघेणी, म्हणून तिथे साखर जास्त. पण ज्या वर्षी हिवाळ्यात बर्फ आणणारे पश्चिमी झंझावात उशिरा येतात, पहिला फूटभर बर्फ आठवडेच्या आठवडे उघड्या आभाळाखाली पडून राहतो, त्या वर्षी पीर पंजालही काराकोरमसारखा वागू लागतो. असा उशीर अलीकडे दिसतो आहे. २०२५ मध्ये खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धांचा गुलमर्गचा टप्पा बर्फाअभावी फेब्रुवारीतून पुढे ढकलून मार्चमध्ये घ्यावा लागला.

गुलमर्गचा गोंडोला, म्हणजे तारेवरून जाणारा पाळणा, दुसऱ्या टप्प्यात अफरवट डोंगराच्या अंगावर ३,९०० मीटरच्या पुढे नेऊन सोडतो. तिथे उतरलं की चहूकडे पांढरा डोंगर मोकळा दिसतो, पण त्यातला थोडाच भाग गस्ती पथकाच्या देखरेखीखाली असतो. दोरीच्या पलीकडचा उतार दिसायला अगदी तसाच असतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये अफरवटवर पोलंडचे दोन स्कीपटू हिमस्खलनात गेले. फेब्रुवारी २०१० मध्ये खिलनमर्गला लष्कराच्या उंचावरील युद्धशाळेचे १७ जवान गेले, आणि ते तर बर्फाचंच शिक्षण घेत होते.

गाडल्या गेलेल्या माणसाला १५ मिनिटांच्या आत बाहेर काढलं तर दहातले नऊच्या आसपास वाचतात. ३५ मिनिटांनंतर तिघांतला एक. म्हणून जाणकार स्कीवाले अंगावर गाडलेल्याचा ठावठिकाणा सांगणारं, ४५७ किलोहर्ट्झवर बोलणारं छोटं यंत्र, बर्फात खुपसून शोधायची घडीची काठी आणि फावडं बाळगतात, आणि प्रत्येकाकडे ते असतं, कारण मदत बाहेरून येईपर्यंत वेळ संपलेली असते. सियाचीनमध्ये ३ फेब्रुवारी २०१६ ला गाडले गेलेले धारवाडकडचे लान्स नाईक हनुमंतप्पा कोप्पड सहा दिवसांनी जिवंत सापडले, आणि ११ तारखेला गेले. त्यांच्यासोबतच्या नऊ जवानांमध्ये एक आपल्या शेजारच्या माण तालुक्यातला होता. बर्फ आपल्या घरांपासून वाटतो तितका लांब नाही.

मग कमी बर्फाच्या वर्षी रिसॉर्टवाले काय करतात? सगळ्यात जुना उपाय पायांचा. अमेरिकेत कोलोराडोतल्या ॲस्पेनला हंगामाच्या तोंडावर माणसांच्या रांगा खडे उतार बुटांनी तुडवत जातात, खळ्यात पात धरून बैल फिरवावेत तसे. तुडवल्याने साखरेचा थर मोडतो, दबतो, आणि वरच्या बर्फाशी मिसळून घट्ट होतो. रोज यंत्राने दाबल्या जाणाऱ्या, खुणा केलेल्या उतारावर हेच काम रोलर करतो. शिकाऊ उतार सुरक्षित असतो तो त्यामुळे, नुसता कमी चढाचा म्हणून नाही.

दुसरा उपाय यंत्राने बर्फ पाडण्याचा. २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी उत्तराखंडातल्या औलीला अशी यंत्रं बसवली, पाण्यासाठी तळं केलं. त्यांचं शास्त्र आपल्या कूलरचंच आहे. मे महिन्यात सोलापूरची हवा ४२ अंशांची, पण कोरडी. ओल्या फडक्यात गुंडाळलेला थर्मामीटर त्या हवेत २२-२३ दाखवतो, म्हणून कूलर आणि माठ आपल्याला तारतात. मुंबईत तोच कूलर हात टेकतो. बर्फाच्या तोफेतून उडालेला पाण्याचा बारीक थेंब असाच थोडासा वाफ होत स्वतःला थंड करतो. ओल्या फडक्याचा आकडा उणे २ च्या खाली हवा, मग हवा शून्याच्या एखादा अंश वर असली तरी चालतं, फक्त ती कोरडी पाहिजे. असा बर्फ गोल, दाट आणि कडक होतो. पायाला उत्तम, पण पडलं तर लागतं.

भाच्याला मी एवढंच सांगितलं, की तिथल्या प्रशिक्षकाला 'बर्फ किती आहे' एवढंच विचारू नको. पहिला बर्फ कधी पडला, मधे किती दिवस आभाळ निरभ्र होतं, नंतर वारा किती होता, हे विचार. चंदीगडच्या डीजीआरई या संरक्षण संशोधन संस्थेचा हिमस्खलनाचा इशारा पाहा. त्याची पाच पायऱ्यांची पट्टी असते, आणि मधली तिसरी पायरीसुद्धा साधी नाही.

चौथ्या दिवशी त्याचा फोन आला. प्रशिक्षकाने त्यांच्यादेखत खड्डा खणला होता, ३० सेंटिमीटर बाय ३० चा बर्फाचा खांब मोकळा केला, वर फावडं ठेवलं आणि थापा मारायला लागला. आधी मनगटातून दहा, मग कोपरातून. बाराव्या थापेला खांब तळापासून वीतभर उंचीवर सपकन कापला गेला आणि वरचा तुकडा त्याच्या मांडीवर येऊन पडला. भाच्याने तिथले कण हातमोज्यावर घेऊन फोटो पाठवला होता. पैलू दिसत होते. त्या चौघांनी उरलेले दोन दिवस खालच्या दाबलेल्या उतारावरच काढले.