चेक स्विंगला 'रिव्ह्यू' का नाही?

क्रिकेटवर पोसलेला माणूस बेसबॉलचे प्लेऑफ पाहू लागला की एक प्रश्न हमखास विचारतो: निर्णय एवढा वादग्रस्त होता, तर रिव्ह्यू का घेतला नाही? १४ ऑक्टोबर २०२१ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत झालेल्या जायंट्स आणि डॉजर्स या संघांच्या प्लेऑफ सामन्याबद्दल तर तो आजही विचारला जातो.

डीआरएस आपल्याला पाठ आहे. पायचीतचा निर्णय पटला नाही तर हाताने 'टी'ची खूण करायची आणि चेंडूचा मार्ग मोजून घ्यायचा. बेसबॉलमध्येही रिप्ले आहे. तिथे व्हिडिओ न्यूयॉर्कमध्ये बसलेले पंच तपासतात. रिव्ह्यू किती मिळतात, किती वेळात मागायचे, हे फरक किरकोळ आहेत.

खरी गल्लत पुढे होते. मालिका २-२ अशी बरोबरीत होती, पाचव्या, निर्णायक सामन्यात डॉजर्स २-१ ने पुढे होते, शेवटच्या डावात दोन जण बाद झाले होते आणि बरोबरी साधू शकणारा धावपटू पहिल्या बेसवर उभा होता. डॉजर्सचा पिचर मॅक्स शर्झरच्या, उजव्या हाताच्या बॅटरपासून लांब जाणाऱ्या स्लायडर चेंडूवर जायंट्सच्या विल्मर फ्लोरेसने बॅट पुढे नेली आणि मध्येच रोखली; यालाच चेक स्विंग म्हणतात. बॅट फिरवली असे ठरले आणि चेंडू लागला नसेल, तर तो स्ट्राइक धरला जातो आणि तीन स्ट्राइक झाले की बॅटर बाद. प्लेटमागच्या (प्लेट म्हणजे बॅटरजवळ जमिनीत बसवलेली पाटी) पंचाने पहिल्या बेसवरील पंच गेब मोरालेस यांच्याकडे विचारणा केली, कारण उजव्या हाताच्या बॅटरची बॅट तिथून नीट दिसते. मोरालेस यांनी स्विंग झाल्याचा निर्णय दिला. तिसरा स्ट्राइक झाला आणि १०७ सामने जिंकलेल्या जायंट्सचा मोसम तिथेच संपला.

माझ्या मते फ्लोरेसने बॅट वेळेत रोखली होती. तरीही तो निर्णय रिप्लेला पाठवता आला नसता, कारण रिप्लेकडे जाणाऱ्या निर्णयांची यादी ठरलेली आहे आणि चेक स्विंग त्या यादीत नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, बॅट प्लेटच्या पुढच्या कडेपलीकडे गेली की स्विंग झाला, असे समालोचक वर्षानुवर्षे सांगत आले असले, आणि ते ऐकून मला दर वेळी चीड येत असली, तरी नियमपुस्तकात अशी रेषाच नाही. बॅटरने चेंडू मारण्याचा प्रयत्न केला का, एवढेच पंचाने ठरवायचे असते. पायचीतमध्येही चेंडू ऑफ स्टंपबाहेर पॅडला लागला, तर फलंदाजाने खेळण्याचा खरा प्रयत्न केला होता का, हे पाहावे लागते आणि ते कोणतेही बॉल ट्रॅकिंग सांगू शकत नाही. क्रिकेटमध्ये हा प्रश्न क्वचित उद्भवतो; चेक स्विंगचा सगळा निर्णय मात्र त्याच एका प्रश्नावर उभा असतो.

म्हणून नुसता 'रिव्ह्यू द्या' असा आग्रह धरणे मला अर्धवट वाटते. आधी बॅट किती कोनापर्यंत पुढे आली की स्विंग धरायचा, ते नियमात लिहिले पाहिजे. त्यानंतरच कॅमेऱ्याला तपासण्यासारखे काही उरते. फ्लोरिडा स्टेट लीग या खालच्या स्तरावरच्या लीगमध्ये २०२५ साली नेमकी अशीच, कोनावर आधारलेली पद्धत वापरून पाहण्यात आली. मेजर लीगमध्ये, म्हणजे जायंट्स-डॉजर्स खेळतात त्या सर्वोच्च स्तरावर, २०२६ च्या मोसमासाठी बॉल-स्ट्राइकच्या निर्णयाला आव्हान देण्याची सोय मंजूर झाली खरी, पण चेंडू स्ट्राइक झोनमधून, म्हणजे प्लेटवरच्या ठरावीक उंचीच्या पट्ट्यातून, गेला की नाही, एवढ्यापुरतीच ती आहे आणि फ्लोरेससारखा निर्णय तिच्या कक्षेत येत नाही.